हळदीची साडी, पांढरी माशी

साडी वाळली असेल म्हणून वंदना गच्चीवर गेली आणि दोरीवरून ती ओढणार तेवढ्यात तिचा हात थांबला. पिवळ्याजर्द कापडावर कुणीतरी रांगोळी चाळून टाकावी तसे पांढरे ठिपके पडले होते. आधी तिला वाटलं, साबण नीट निघाला नाही. मग वाटलं, बुरशी. एका रात्रीत बुरशी? आणि तीही अर्पिताच्या हळदीच्या साडीला? गेल्याच आठवड्यात लेक ही साडी नेसून पाटावर बसली होती, बायका हसत-खिदळत तिच्या गालांना, कोपरांना हळद चोळत होत्या, आणि वंदना मागे उभी राहून तिच्या मानेवरचा बारीक केसांचा पुंजका बघत होती. त्या मानेची आठवण येऊन नेहमीप्रमाणे रडू येणार, इतक्यात तिने सहज कापडावर फुंकर घातली. ठिपके उडाले. थोडा वेळ हवेत भुरभुरले आणि परत येऊन त्याच साडीवर बसले.

माशी! वांग्यावरची पांढरी माशी. दोरीखालीच वांग्याची झाडं होती, रिकाम्या झालेल्या बियाण्यांच्या पोत्यांत माती भरून लावलेली, आणि लग्नाच्या धांदलीत त्यांच्याकडे ढुंकूनही बघायला कुणाला सवड झाली नव्हती. माशीला तेवढंच हवं होतं. पानं चिकट झाली होती, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरली होती, मिरचीची पानं तर रुसल्यासारखी आत वळली होती. हे सगळं वंदनाला गेले दोन-तीन दिवस माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच, की शेजारी झुंबरबाईंचं, म्हणजे तिच्या सासूबाईंचं, हिरवं लुगडं वाळत होतं, त्यावर एकही माशी नव्हती. नवऱ्याचे, सोमेश्वरचे पांढरे शर्ट होते, त्यांच्यावर नव्हती. जुना विटका टॉवेल, परकर, उशीचे अभ्रे, कशाकशावर नव्हती. वंदनाने मान वळवून एकेक कपडा पुन्हा पाहिला. मग तिने काय करावं? साडी दोरीवरून काढली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीच्या नळाला बांधली. तिच्या जागी टॉवेल टाकला. परत येऊन वांग्याच्या झाडाला हात घालून ते गदागदा हलवलं. पांढरा धुरळा उठला. टॉवेलावरून तो तसाच पुढे गेला, शर्टांना त्याने विचारलंदेखील नाही, आणि डगमगत, भरकटत, गच्ची ओलांडून टाकीपाशी पोहोचला. पिवळ्यावर.

शाळेत असताना अवघड गणिताचं उत्तर सगळ्यांच्या आधी आपल्याला सापडलंय हे कळलं की हात वर जायच्या आधी जसं व्हायचं तसं तिला झालं. किती वर्षांनी! हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे असं वाटून ती जिन्यापर्यंत गेली, मग परत फिरली, कारण अजून एकदा बघायचं होतं. तिने मिरची हलवली. तेच. तिने साडी पोत्याच्या चवाळ्याखाली झाकली आणि भेंडी हलवली. माशा बावचळून इकडेतिकडे झाल्या आणि भेंडीवरच परत बसल्या. चवाळं काढलं, आणि आल्या की! वंदना एकटीच गच्चीवर उभी राहून मोठ्याने हसली. शेजारच्या गोदामावर पोती रचणारा हमाल तिच्याकडे बघत राहिला. बघू दे, ती म्हणाली.

खरं तर ती इतकी आतुर व्हायला एक कारण होतं, आणि ते कारण रविवारी शहागडहून येणार होतं. लग्नाच्या पंगतीत तिचे व्याही भागवतराव यांनी ताटातलं वांगं बोटाने उलटंपालटं करून सोमेश्वरला म्हटलं होतं, "इवाई, वांगं तुमच्याच दुकानातल्या औषधाचं दिसून राह्यलं. लई चमकतंय!" सगळे हसले. सोमेश्वरही हसला, त्याचं कृषी केंद्र, त्याला असलं बोलणं म्हणजे जाहिरातच. वंदना वाढत होती. तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "माझ्या गच्चीवरच्या वांग्याला औषधाचा थेंब लागत नाही." भागवतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग दाखवाच, इहीणबाई. मांडवपरतणीला मी सोता येतो पोरीला घेऊन. किडकं निघालं तं तुमच्या हातानं फवारून दाखवायचं. कबूल?" आणि सोमेश्वर घाईघाईने मधे पडला होता, "अवो, ती गंमत करून राह्यली!" तिला लागलं ते व्याह्यांचं नाही, हे लागलं. ती गंमत करत नव्हती. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली दुकान, मधे घर आणि वर गच्ची अशी त्यांची जागा होती. लग्न होऊन आली तेव्हापासून खालच्या बाटल्यांचा तो उग्र, गोडसर वास जिना चढून वर यायचा, पांघरुणांत बसायचा, पिठाच्या डब्यातसुद्धा शिरायचा. भिंतीवर औषधांच्या कंपन्यांची कॅलेंडरं, भाजी आणायला औषधांच्या कंपन्यांच्या पिशव्या. त्या वासाला दार बंद होतं ते फक्त गच्चीचं. तिथे तिची राख होती, आंबट ताक होतं, उन्हाळ्यात गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या होत्या. जमायचं त्यातलं थोडं, बरंचसं फसायचं. पण फसायचं तेही तिचंच होतं. आणि काल रात्री जेवताना सोमेश्वरने सांगून टाकलं होतं, "उद्या दुपारी पंप घेऊन वर येतो. कृषी केंद्रवाल्याच्या घरी रोगट झाडं! इवाई काय म्हणतील? इज्जतीचा सवाल हाये."

दुपारला अजून वेळ होता. वंदनाचं डोकं आता इतकं भराभर चालायला लागलं की तिला स्वतःचीच गंमत वाटली. माशी पिवळ्यावर येते. येते आणि बसते. बसते, पण उडूनही जाते. उडता आलं नाही तर? चिकटली तर? पाय रुतले पाहिजेत तिचे. गूळ? मुंग्या येतील. डिंक वाळून जाईल. तेल! पण गोडं तेल पातळ, ओघळून जाईल. घट्ट पाहिजे, चिकट पाहिजे... आणि ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली, झुंबरबाई देवासमोर वाती वळत बसल्या होत्या त्यांच्या पाठीमागून फडताळातली त्यांची एरंडेलाची बाटली उचलली आणि तितक्याच वेगाने वर आली. साडीच्या पदराच्या एका कोपऱ्याला तिने बोटाने तेल फासलं. झाड हलवलं. माशा आल्या, बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. एक पाय सोडवू जाते तर दुसरा रुततो. वंदना वाकून, नाक टेकेल इतकी जवळ जाऊन बघत राहिली. तिला थोडी कीवही आली, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त आनंद झाला.

मग प्रश्न उरला तो कापडाचा. अख्खी साडी काही झाडांमध्ये उभी करता येत नव्हती. प्रत्येक पोत्यापाशी एक पट्टी पाहिजे, पानांच्या उंचीला. दुसरं पिवळं घरात काय आहे? तिने मनातल्या मनात सगळं कपाट उपसलं. लिंबोणी ब्लाउज होता, तो फिका. पिशवी होती, तिच्यावर लाल अक्षरं. असं धमक, डोळ्यांत घुसणारं पिवळं दुसरं काहीच नव्हतं, मस्तगडच्या दुकानात अर्पिताने पंधरा साड्या उलगडायला लावून ही निवडली होती, "आई, हीच. ह्यात मी लांबून दिसंन." ह्या घरात रीत अशी, की हळदीची साडी धुऊन, घडी घालून पेटीत ठेवायची आणि लेकीच्या पहिल्या बाळाला तिचं दुपटं शिवायचं. वंदनाच्या आईनेही तिची ठेवली होती. तिने साडीचा काठ दोन्ही हातांत धरला. धुऊनही हळदीचा वास पुरता गेला नव्हता. ह्या वासासाठी ती रोज सकाळी कपाट उघडून उभी राहायची, चहा निवायचा, मग फोन लावायची आणि पलीकडून "आई" ऐकू आलं की अर्धं बोलणं हुंदक्यातच जायचं. आज साडी दोरीवर, कपाट उघडायचं कारणच नव्हतं. फोनही लावला नव्हता. दिवस इतका वर आला आणि लेकीची आठवण म्हणून ती एकदाही रडली नव्हती, हे तिला आत्ता, काठ हातात असताना कळलं, आणि ती चपापली. इतक्या लवकर? चिमूटभर माशांपायी? आपण असल्या आई आहोत? हात सैल पडले. पण डोळे वांग्याकडे गेले, तिथे पानामागून एक माशी निघाली, घुटमळली आणि सरळ तिच्या हातातल्या कापडाकडे यायला लागली. वंदनाने दातांनी काठ तोडला आणि साडी फाडली.

टर्र असा आवाज झाला तो तिला पाठीच्या कण्यात जाणवला. दुसरी पट्टी फाडताना कमी जाणवला. चौथ्या-पाचव्या पट्टीला तर हात आपोआप चालत होते, आणि अंगात असा काही उत्साह भरला होता की जणू लग्नघर अजून उठलंच नाही. काड्या रोव, पट्टी ताण, गाठ मार, तेल फास. मधेच ती निंबोळीच्या अर्काचं भांडं घेऊन पानं उलटी करायची आणि पानामागच्या न उडणाऱ्या पिल्लांवर तो शिंपडायची. उडणाऱ्यांना पट्टी, बसलेल्यांना निंबोळी, दोन्हीकडून कोंडी! आजवर निंबोळी का फसत होती तेही आता लख्ख कळलं. ती फवारायची तेव्हा अर्ध्या माशा हवेत असायच्या.

"अगं बया बया बया!" जिन्याच्या तोंडाशी झुंबरबाई उभ्या होत्या, एक हात गुडघ्यावर, एक हात तोंडावर. "हळदीची साडी फाडली व्हय गं? येडी झाली काय तू, वंदे? काय अवदसा आठवली ही!"

"आत्याबाई, इकडं या. बघा तर आधी."

"काय बघू? कर्म? लेकीच्या हळदीचं कापड असं फाडत असतेत का? तिच्या संसाराला लागतं ते! आन् ते माझं एरंडेल का काय? समदं संपवलं?"

"संपलं नाही अजून. तुम्ही या तर." वंदनाने त्यांना हाताला धरून वांग्यापाशी आणलं आणि झाड हलवलं. झुंबरबाई बघत राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला. पट्टीवर पांढरी पूड बसत होती. "जिती हाये का ती?" त्यांनी हळूच विचारलं. मग त्यांनी स्वतःच एक झाड हलवून पाहिलं, आणि भानावर आल्यासारख्या होऊन पुन्हा रागाने म्हणाल्या, "ते काई का असंना. पोरगी इचारील तव्हा काय सांगशील?" आणि खाली गेल्या.

हे मात्र रुतून बसलं. तिच्या संसाराला लागतं. वंदना शिकलेली होती, असल्या गोष्टींना हसणारी होती, पण हसायचं म्हटलं तर ओठ हलेनात. तिकडे शहागडला आत्ता अर्पिता काय करत असेल? हात पोळला असेल? सासू बोलली असेल? गोदावरीच्या पुलावरून ट्रक जातात, जावयाची मोटारसायकल... नको नको ते मनात यायला लागलं. फाडलेलं कापड काही जोडता येत नाही. आणि पोरीने विचारलंच तर खरंच काय सांगायचं? तुझी साडी मी माशांना दिली? पण नवल असं, की ती भीती आणि तो आनंद दोन्ही एकाच वेळी तिच्यात राहत होते, एकाने दुसऱ्याला हाकललं नाही. तिने तेलकट बोटांनीच उरलेल्या पट्ट्या बांधून टाकल्या.

दुपारी सोमेश्वर पंप पाठीला लावूनच वर आला. गच्चीभर पिवळ्या पट्ट्या फडफडताना पाहून आधी तो दारातच अडला, मग जवळ येऊन एक पट्टी बोटाने ओढून बघितली, आणि हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अगं, हे तं आपल्या दुकानात हाये! पिवळे चिकट सापळे. रेडीमेड. खोकंभर पडून हाये खाली, कोणी घेत न्हाई!"

वंदना हातातलं काम टाकून उभी राहिली. "काय आहे?"

"सापळे गं. पिवळे पत्रे, त्याला गोंद. कंपनीवाले देऊन गेल्ते. तुला पाहिजे तं आत्ता जल्दी आणून देतो, ह्या चिंध्या काढून टाक."

म्हणजे हे होतंच. जगाला ठाऊक होतं, छापून, गोंद लावून, खोक्यात भरून तिच्या पायाखाली दोन मजले खाली पडलं होतं. ती सकाळपासून एकटी हसत होती ते ह्यासाठी! आणि साडी? ती तर उगाचच गेली. "मला कधी सांगितलं का नाही?" तिने विचारलं. आवाज चिरका आला.

"तू कव्हा इचारलं?" तो सहज म्हणाला. त्यात दुष्टावा नव्हता, ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त टोचलं. इतकी वर्षं ती वर राख उधळत होती आणि तो खाली बाटल्या विकत होता, आणि मधल्या जिन्यात दोघांनी एकमेकांना फक्त जेवायला हाक मारली होती.

पण वंदना रडली नाही. रडू येईल म्हणून ती थांबली, आणि आलं नाही. सकाळचा तो पांढरा धुरळा तिच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उठला. टॉवेल ओलांडून, शर्टांना न विचारता, पिवळ्याकडे जाणारा. तो खोक्यात नव्हता. "तुम्ही कधी बघितलंय का हो?" तिने विचारलं. "माशी येताना?"

"आता त्यात काय बघायचं? येतेच ती."

"बघितलंय का?"

वंदनाने वांग्याच्या झाडावर हात ठेवला आणि ते हलवलं. माशा उठल्या. त्या पट्टीकडे वळल्या तशी सोमेश्वरची मानही वळली. तो वाकला, पंप पाठीवर आडवा यायला लागला म्हणून त्याने तो काढून खाली ठेवला आणि पुन्हा वाकला. "आयला," तो म्हणाला, "बराबर जातेत की." मग म्हणाला, "हालव बरं अजून एकदा." तिने हलवलं. त्याने स्वतः मिरची हलवली. पन्नाशी उलटलेला, चार माणसांत वजन असलेला माणूस, भर उन्हात पोत्यापोत्यापाशी जाऊन झाडं हलवत होता आणि माशी चिकटली की "ही एक! ही एक!" म्हणत होता. "पन खर्चा वाचला म्हणून रोग जात नसतो बरं का," तो मधेच दुकानदार होऊन म्हणाला. "इवायासमोर फजिती झाली तं माझ्या नावानं बोंब न्हाई मारायची." पंप त्याने खाली नेला तेव्हा तो भरलेलाच होता.

फजिती झाली नाही, पण अगदी डंका वाजला असंही नाही. रविवारी सकाळी वंदनाने वांगी काढली, प्रत्येक चिरून बघितलं, तीन किडकी निघाली ती गुपचूप बाजूला केली. पट्टीला माशी भुलते, शेंडा नि फळ पोखरणारी अळी कुठली भुलायला! बाकीची मसाला भरून चुलीसारख्या मंद आचेवर ठेवली. भागवतराव आले, जेवले, पहिलं वांगं त्यांनी शत्रूसारखं फोडून आतून तपासलं, दुसरं न तपासता खाल्लं आणि तिसऱ्याला ताट पुढे केलं. "मानलं, इहीणबाई," ते म्हणाले, आणि गच्ची बघायचा हट्ट धरून सोमेश्वरसोबत वर गेले. खाली ऐकू येत होतं, भागवतराव विचारत होते, "असलं काई तयार भेटतं का हो, इवाई?" आणि सोमेश्वर छाती काढून सांगत होता, "भेटतं म्हंजे? आपल्याच दुकानात हाये की!" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. वंदनाला हसू फुटलं, पण ते अर्ध्यात राहिलं, कारण अर्पिता हात पुसत म्हणाली, "मी पण बघून येते," आणि जिना चढायला लागली.

वंदना मागोमाग गेली. तेवढ्यात पुरुष मंडळी खोकं बघायला खाली उतरली. गच्चीवर मायलेकीच राहिल्या. पट्ट्या आता पिवळ्या कमी आणि करड्या जास्त दिसत होत्या, पण काठावरची नक्षी अजून ओळखू येत होती. अर्पिता एका पट्टीसमोर उभी राहिली. नवी साडी, हातात हिरवा चुडा, मानेवर तोच केसांचा पुंजका. वंदनाने ठरवलं होतं की आधी माशांचं सांगायचं, मग हळूच बाकीचं, पण तोंडातून एवढंच आलं, "तुझी साडी आहे ती. हळदीची. मी फाडली."

अर्पिता वळली. तिचा चेहरा असा काही उजळला की वंदनाला अर्थच लागेना.

"आई, खरंच? तू सोता फाडली?"

"आत्याबाई म्हणाल्या, तुला लागतं. मी... मला वेडच लागलं होतं गं त्या दिवशी. मला तुझी आठवणसुद्धा आली नाही, सकाळभर."

"बरं झालं!" अर्पिता म्हणाली, आणि तिने आईचे दोन्ही हात घट्ट धरले. "मला वाटायचं, तू ती साडी उराशी धरून बसली असशील. फोन केला की तू रडायची. करमतं का, करमतं का, रडत रडत एकच. मंग मी पण म्हणायची, न्हाई करमत." मग कुणी ऐकत नाही ना असं जिन्याकडे बघून, चोरी सांगावी तसं, पण न राहवून ती म्हणाली, "आई, मला तिकडं लई करमून राह्यलंय. पहिल्या दिवसापासून. तुला सांगायची भीती वाटत होती."

"अगं, मग हे आधी सांगायचं ना!" वंदना म्हणाली, आणि आठवडाभर रडली नसेल इतकी मोकळी होऊन रडायला लागली.